रुमालाखालचा हात

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. विकणाऱ्यानं हात पुढे करायचा, घेणाऱ्यानं त्याच्यावर खांद्यावरचा रुमाल टाकायचा आणि आपला हात आत घालायचा. पुढचं सगळं बोटांचं काम. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावर रक्कम ठरे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हललेला दिसे. सौदा झाला की दोन्ही हात बाहेर येत आणि आत काय झालं ते त्या दोघांपाशीच राही. ते बाहेर सांगणाऱ्या दलालाच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नसे.

मी त्या रुमालावर मोठा झालो. वडील लवकर गेले. आर्वीच्या बाजारात मी आधी लोकांच्या बैलांचे कासरे धरून दिवसभर उन्हात उभा राहत असे. मग पारख आली, मग जीभ आली, मग लोक मला विचारून बैल घेऊ लागले. मिसरूड फुटली तोवर मी दलाल झालो होतो. कौलारू घर बांधलं, आईला शेवटपर्यंत नीट सांभाळलं आणि एकुलत्या धाकट्या बहिणीचं लग्न रोहण्याकडच्या एका बऱ्या घरात करून दिलं. काळी जमीन, विहीर, दाराशी बैलजोडी. हे सारं मी कुणाच्या मेहेरबानीवर केलं नाही. एकेक पेर दाबून केलं.

माझा एक नियम होता. जनावर पाहताक्षणी मनात भरलं की त्याच्याकडे पाठ फिरवायची. चहाच्या पालात जाऊन बसायचं, विडी ओढायची, कुणाशी तरी भांडायचं. मग परत येऊन पाहायचं. तेवढ्या वेळात जनावराचं अर्धं रूप उतरलेलं असतं. मघाशी न दिसलेला खांद्यावरचा जुना घट्टा दिसतो, एका पायावर घेतलेला भार दिसतो. जे रूप चहा होईपर्यंत टिकत नाही त्याला पैसे मोजायचे नाहीत. लोक मला हसत. मी लोकांना हसत असे, कारण दुसऱ्या बाजाराला तेच लोक तोच बैल घेऊन परत विकायला येत.

दुसरा नियम माझा एकट्याचाच होता. सगळी पारख झाल्यावर मी बैलापुढून एक बाई चालवत असे. हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, सारे पुरुष. त्यांच्या हाताखाली वाढलेली काही जनावरं बाईला बुजतात. लुगड्याची फडफड, बांगड्यांचा आवाज त्यांना सोसत नाही आणि ती अंगावर जातात. बैलबाजारात बायका येत नाहीत, म्हणून ही खोड तिथं दिसत नाही. ती दिसते घरी, गोठ्यात. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी गवऱ्या विकायला बसे. तिला तंबाखूपुरते पैसे देऊन मी बोलावत असे. ती डोक्यावर टोपली घेऊन बैलाच्या तोंडापुढून जाई आणि दर वेळी तेच म्हणे, "मेली तं म्हातारी मेली, अन् वाचला तं तुह्या बैल वाचला. माह्या जीवाचा भाव तेवढा वाढवजो बाबू."

"तुह्या जीवाले गिऱ्हाईक कुठं आहे?" मी म्हणायचो.

"आहे नं. वरता बसला आहे. तोबी तुह्यासारखाच, घासाघीस करून राह्यला."

नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजार अजून आण्यांत बोलत होता, त्या काळातली गोष्ट. बहिणीच्या घरच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्याच्या शेवटी सर्पदंशानं मेला. पेरणी तोंडावर होती. बहिणीच्या नवऱ्याला घेऊन मी बाजाराला आलो. जवाई स्वभावानं गरीब, खालमानेचा. घरात सत्ता त्याच्या आईची. तिनं निघताना त्याला बजावलं होतं ते मी ऐकलं होतं: "भाऊ म्हन्ते थो बैल घेजो. आपली अक्कल चालवू नोको."

मला आधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या जोडीचा सौदा जुळवायचा होता. मी जवायाला लिंबाखाली बसवलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत कोनाले भाव इचारू नका. पाहा, फिरा, पन इचारू नका."

मी परत आलो तेव्हा लिंबाखाली कोणी नव्हतं. गर्दीच्या मधोमध एक हेडी गवळाऊ बैल पळवून दाखवत होता. पांढराशुभ्र, अंगानं हलका, मान उंच. आमच्या भागाची ती जात पळायला नामी, दमणीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, जुंपावी अशी. तो बैल धूळ न उडवता धावत होता आणि गळ्यातली घुंगरमाळ एका लयीत वाजत होती. मी खोटं कशाला बोलू, माझंही मन त्याच्यावर गेलं. म्हणून मी सवयीनं पाठ फिरवली. तेव्हा समोर जवाई दिसला. त्याच्या हातात त्या बैलाचा कासरा होता.

"भाऊ, पाहा तरी," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळलेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"काय केलं तुम्ही?"

"इसार देल्ला."

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. ती दिली की मागे फिरायचं नाही. फिरलं तर इसार बुडतो आणि त्याहून जास्त म्हणजे बाजारात हसू होतं.

"तुमाले वखराले बैल पाह्यजे का वरातीले?" मी म्हटलं. "घरचा बैल हत्तीसारखा चालते. हा त्याच्या बाजूनं पळन. पेरणीचं तास वाकडं जाईन."

"चालन थो. शिकन."

मी म्हातारीला बोलावलं. ती टोपली घेऊन बैलापुढून निघाली. बैलाचं रवंथ थांबलं. कान मागे गेले, नाकपुड्या फुगल्या आणि मान हळूहळू खाली आली. म्हातारीनं इतकी जनावरं पाहिली होती की ती न बघताच बाजूला झाली.

"हा घरी नोको नेऊ बाप्पा," ती जवायाला म्हणाली. "घरी बाई असन तं नोको नेऊ."

मी जवायाला एका अंगाला घेतलं आणि सांगितलं की इसार बुडू द्या, माझ्याकडून घ्या तेवढे पैसे, पण कासरा सोडा. तो बैलाकडेच पाहत होता. म्हणाला, "आपल्या गावचे लोकं पाहून राह्यले, भाऊ. इसार सोडून घरी जाऊ काय?"

मग माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हणालो, "अक्कल मायच्या पदराले बांधून आले काय घरी?"

चारचौघे हसले. जवायाचा चेहरा उतरला. तो हेड्याकडे वळला आणि इतक्या वर्षांत मी त्याचा जो आवाज ऐकला नव्हता त्या आवाजात म्हणाला, "बैल माह्या."

पुढे काही लोकांनी असं पसरवलं की माझ्या जिभेनं तो बैल विकला. मी बोललो नसतो तर तो सोडून आला असता. हे ज्यांनी कधी बाजार केला नाही त्यांचं बोलणं. माणूस टोमण्यानं बैल घेत नाही. घुंगरमाळ ऐकली तेव्हाच त्यानं तो घेतला होता. पुढचं सगळं नुसतं निमित्त. आणि सख्ख्या बहिणीच्या घरी मारका बैल जात असताना मी काय गोड बोलायचं होतं?

आता बैल जाणारच होता. हेड्याला गिऱ्हाईक किती वेडं झालंय ते कळलं होतं आणि त्यानं वाटेल ती रक्कम मागितली होती. जवायानं ती कबूल केली होती. मी हेड्याचा हात ओढला, वर रुमाल टाकला आणि आत हात घातला. निदान लूट तरी थांबवू, एवढंच मनात होतं. मी त्याची बोटं पिरगाळली म्हणायला हरकत नाही. बराच वेळ चाललं ते. शेवटी तो निम्म्याच्या जवळ आला. मग रीतीप्रमाणे त्यानं माझी दलाली तिथंच, रुमालाआडच, माझ्या तळव्यात सरकवली. मी ती तिथंच परत त्याच्या तळव्यात दाबली. बहिणीच्या घरच्या व्यवहारात मी दलाली घेणार होतो की काय?

पण हे सारं रुमालाखाली झालं. अर्ध्या बाजारानं पाहिलं ते एवढंच की शेवटचा हात माझा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चालतच रोहण्याकडे निघालो. वाटेत जवायानं दोनदा थांबून बैलाच्या पाठीवरची धूळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली.

नवा बैल घरी आला की घरच्या बाईनं दारातच त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि भाकरीचा घास द्यायचा ही आमच्याकडची रीत. मला दिवसभर त्याचीच काळजी होती. अंगणाच्या तोंडाशीच मी पुढे झालो आणि म्हणालो, "मावशी, तिले बाहेर येऊ देऊ नका. पाणी मी टाकतो."

जवायाची आई दारात उभी होती. "माणूस ओवाळते काय बैलाले? घरात दोन बाया जित्या हायेत आमच्या."

"बैल बाईवर धावते."

"मंग आणला काऊन?"

मी जवायाकडे पाहिलं. त्यानं ते ऐकलंच नाही. तो घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "आयकलं काय? पाहा, काय आणलं म्या."

बहीण तांब्या आणि ताट घेऊन बाहेर आली. मी बैलाची वेसण दोन्ही हातांनी धरली. तिनं पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. बैल उभा राहिला. तिच्या हातची भाकर त्यानं मुकाट्यानं घेतली. शेजारपाजारचे हसायला लागले. एक जण म्हणाला, "दलाल भेले नं राजेहो! बैल गरीब अन् दलालच मारका."

दिवसभर चालून जनावर थकलं होतं. थकलेल्या जनावराची खोड दिसत नाही. हे मी त्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

जेवणानंतर बहीण मागच्या अंगणात भांडी घासत होती, तिथं मी गेलो. तिला म्हणालो, "त्याच्याजवळ एकटी जाऊ नको. पाणी नाही, वैरण नाही. कायच नाही."

"नाई जात."

"माझ्या गळ्याची आण घे."

"दादा, तू साऱ्या जगाचे दात मोजते," ती हसून म्हणाली. मग राख लावलेला हात थांबला. "त्यायनं आजपर्यंत सुपारीबी मायले इचारून आणली. हा बैल आपल्या मनानं आणला. अन् आल्याबरोबर मायसमोर मले हाक मारली. आयकली नं तू? लगीन झाल्यापासून पयल्यांदा."

मी घासलेला तांब्या उचलून पालथा ठेवला.

"मंग मी त्या बैलाले नावं ठेवू काय?" ती म्हणाली.

बैल कुणी घेतला आणि कसा घेतला, हे तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडून मी ते ऐकलं. ऐकणारा दुसरा कुणी नव्हता.

पेरणीला तो बैल मी म्हटलं तसाच वागला. जोडीदाराला ओढत पुढे पळे, तासं वाकडी जात. पण जवायाचं मन काही उतरलं नाही. रोज स्वतः घासूनपुसून त्याला धुई. घुंगरमाळ नवी आणली. त्याच्या आईनं बोलणं लावलं तर आता उलटून उत्तर देई, असं मला बहिणीच्या निरोपातून कळत असे. तिचे निरोप आनंदाचे असत.

निंदणाच्या दिवसांत एका दुपारी घरचे सगळे वावरात होते. बहीण जेवण बांधायला मागे राहिली होती. गोठ्यात बैलाचा कासरा मेखेला गुंडाळला गेला आणि गळ्याला फास बसला. तो पाय झाडत होता, घरघरत होता. शेजारणीनं कुडावरून पाहिलं आणि ओरडली, "जाऊ नोको व बाई, माणसं येऊ दे." बहीण म्हणाली, "मरन नं थो तोपर्यंत." नवऱ्याचा बैल. ती विळा घेऊन आत गेली आणि तिनं कासरा कापला. त्याला पुरता श्वास मिळाला, आणि मग तो तिच्यावर वळला.

मला निरोप मिळाला तेव्हा तिला गाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्याकडे नेत होते. मी आडवाटेनं धावत जाऊन गाडी गाठली. गाडी उभी होती. गाडीवान खाली उतरून बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा होता. ती गाडी परत फिरवायला मीच सांगितलं.

दिवसकार्याला सगळे नातलग जमले होते. पुरुष ओसरीवर, बायका आत. जवाई भिंतीला टेकून बसला होता आणि हातातल्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. त्याची आई आतून बाहेर आली. तिचा आवाज रडून बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"सौदा कोनाच्या हातानं झाला?"



"साऱ्या बाजारानं पाह्यलं," ती म्हणाली. "रुमालाखाली शेवटचा हात कोनाचा होता? माह्या पोरगा तं भोळा. दलालाले सख्खी बहीणबी गिऱ्हाईकच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जवायाकडे पाहिलं. मी सांगितलं तर ते दलालाचं बोलणं ठरणार होतं; त्याचं एक वाक्य पुरे होतं. इसार म्या देल्ला, भाऊ नोको म्हनत होते. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी थांबलो. मी आयुष्यात इतका थांबलो नाही, आणि थांबणं हाच माझा धंदा होता. काडी जमिनीवर फिरत राहिली.

मग मी उठलो आणि त्याची बंडी धरून त्याला उभा केला. लोकांनी मला ओढून बाजूला काढलं. कुणीतरी म्हणालं, "खरं लागलं वाटते." त्या दिवशी मी त्या घरातून उपाशी आलो आणि पुन्हा तिथं पाणी प्यायलो नाही.

बाजारात तोंडावर कुणी बोललं नाही. बाजारात कुणीच तोंडानं बोलत नाही. पण माझ्याकडे येणारी माणसं कमी झाली. ज्यांना मी वर्षानुवर्षं बैल घेऊन दिले ते दुसऱ्या दलालाच्या रुमालाखाली हात घालू लागले. हेड्याला शोधायला मी गिरडच्या बाजूपर्यंत गेलो. त्यानं साक्ष द्यावी म्हणून. तो भेटला. चहा पाजला. म्हणाला, "भाऊ, रुमालाखालचं बाहेर काढाले लावता काय मले? तुमीच शिकवलं नं आमाले." त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. परत येताना मला त्याचा राग आला नाही, यानंच मी जास्त चिडलो.

सरळ मनात आलं म्हणून घेतलेली वस्तू कधी चांगली निघते का, असं आता दुकानांची गर्दी पाहून घरची पोरं मला गमतीनं विचारतात. मी नाही म्हणतो. पण नाही म्हणताना दर वेळी ते मागचं अंगण आठवतं आणि राख लावलेला तिचा थांबलेला हात. नवऱ्यानं आईसमोर हाक मारली, ती त्या बैलामुळे. मी निवडून, दात मोजून, जुंपून पाहून दिलेला बैल गेला असता तर पेरणी सरळ झाली असती, ती जगली असती आणि त्यानं तिला तशी हाक कधीच मारली नसती. त्या काही दिवसांपुरती ती खरेदी चांगली होती. हे मला रुमालाखाली कुणी पटवलं असतं तर मी हात काढून घेतला असता. पण ते तिनं स्वतः सांगितलं होतं.

दिवाळीनंतरच्या बाजारात जवाई तो बैल विकायला घेऊन आला. बाई मारलेलं जनावर कुणी घेत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याच्याभोवती मोकळी जागा पडली होती. घुंगरमाळ काढलेली होती. तो त्याच लिंबाखाली उभा होता. मी त्या अंगाला जाणार नव्हतो, पण जनावराला उन्हात तहानलेलं ठेवलं होतं ते पाहवेना. मी बादली भरून आणली आणि बैलापुढे ठेवली. जवायाकडे पाहिलं नाही.

मी परत वळताना त्यानं हात पुढे केला. खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच त्या हातावर टाकला.

माणसं थांबून पाहू लागली. मला वाटलं, बैल मलाच विकायला सांगतो आहे आणि आपली रक्कम सांगतो आहे. दलाल म्हणून हात आला तर नाकारायचा नसतो. मी रुमालाखाली हात घातला.

त्यानं बोट धरलं नाही, पेर दाबलं नाही. माझा अख्खा हात आपल्या मुठीत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. रुमाल हलत होता, पण ते लोकांना घासाघिशीसारखं दिसत असणार. त्याचं तोंड मात्र बैलाकडे होतं आणि त्यावर काहीच नव्हतं.

मला कळलं तो काय सांगतो आहे ते. ओसरीवर जे बोलायचं होतं ते तो इथं, कुणाला दिसणार नाही अशा जागी देत होता.

"वरता बोला, जवाईबापू," मी हळू म्हणालो. "साऱ्यांसमोर बोला. एकच वाक्य."

त्यानं हात आणखी घट्ट धरला. ओठ हलले नाहीत. मी वाट पाहिली. मग मी माझा हात ओढून बाहेर काढला. रुमाल खाली धुळीत पडला.

"काय भाव म्हन्ते?" बाजूच्या एकानं विचारलं.

"कायच म्हनत नाई," मी म्हणालो.